काल सकाळी सात ते अकरा

३ ऑगस्ट, सोमवार

नवी वही. जुनी जूनमध्येच भरली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वही आणायला मला दोन महिने लागले, यावरून माझं काय चाललंय ते कळावं. चोवीस वर्षं लोकांच्या दारात उभी राहून 'मुलीला शाळेत पाठवा' सांगतेय. पूर्वी घसा दुखायचा. आता घसा सरावलाय, गुडघे बिघडलेत.

घरची हजेरी मांडून ठेवते. सासूबाई अंथरुणावर. सहा आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातलीय. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांत चालतील. सासूबाई म्हणतात, आता चौघांच्या खांद्यावरच. नवरा साडेआठला औषधांच्या दुकानात जातो तो दिवेलागणीनंतर उगवतो. आणि यंदा आमच्याकडे बारकी आहे, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, पंधरा वर्षांची. बहिणीच्या गावात नववीपर्यंतच शाळा. नववी झाली आणि बारकीचा बाप म्हणाला, पुरे आता. मुलाकडचे लोकही विचारून गेले होते. मी स्वतः गेले, दोन तास त्याच्यापुढे डोकं फोडलं, तेव्हा त्याने एक वर्ष दिलं. दहावी पास झाली तर पुढे शिकेल. परीक्षेला बसली नाही किंवा नापास झाली, तर लग्न. "तुमच्या शब्दावर पाठवतोय," म्हणाला.

बारकीला जमिनीची मोजणी करायचीय. ती तीन पायांची दुर्बीण लावून नकाशे काढतात ना, ते काम. हे हिच्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. पण गणितात पोरगी वाघ आहे.

लोक म्हणतात, समाजकार्य करणाऱ्यांच्या घरात डोकावून बघा. बघा की. दार उघडंच आहे.

७ ऑगस्ट, शुक्रवार

शिक्षण खात्याचा सर्वेक्षणाचा नवा फॉर्म आला. नवा म्हणजे कागद नवा, बाकी ये रे माझ्या मागल्या. रकाना नऊ: 'मुलगी घरात काय करते?' त्याला पर्याय तीन. मजुरी, काम, मदत. मजुरी किंवा काम लिहिलं की मुलगी शाळाबाह्य ठरते आणि खात्याला हातपाय हलवावे लागतात. मदत लिहिलं की मुलगी 'नियमित'. आता कुठली आई म्हणेल की माझी मुलगी काम करते? सगळ्यांच्या मुली मदतच करतात. गेल्या वर्षी आमच्या भागात चौदाशे मुली मदत करत होत्या, आणि कागदावर शाळेबाहेर एकही नव्हती.

मी आमच्या संस्थेच्या संचालकांना म्हटलं, यंदा हा शब्द काढायला लावायचा. ते म्हणाले, "ताई, एका शब्दाने काय होतंय?" मी म्हटलं, "चौदाशे मुली त्या शब्दाआड उभ्या आहेत." ते "हं" म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ असतो की तुमचं तुम्ही बघा.

बघते.

१२ ऑगस्ट, बुधवार

पाच नव्या मुलींना सर्वेक्षण शिकवलं. पहिला धडा नेहमीचा. 'मुलगी शाळेत जाते का?' असं कधी विचारायचं नाही, त्याचं उत्तर 'हो' हेच असतं. विचारायचं, 'काल सकाळी सात ते अकरा मुलगी कुठे होती?' रोजचं विचारलं की लोक ठरलेलं सांगतात. कालचं विचारलं की आठवावं लागतं, आणि आठवता आठवता माणूस खरं बोलून जातो. उत्तर आलं की वाद घालायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. शांतपणे विचारायचं, 'आणि परवा?'

त्यांत एक चष्मेवाली आहे, सगळं बारीक टिपून घेते. तिने विचारलं, "ताई, कुणी म्हणालं की मदत करते, तर?"

"तर म्हणायचं, बरं, किती तास? तास लिहिले की मदतीचं काम झालेलं दिसतं."

मुली हसल्या. वाक्य बरं जमलं होतं, मीही जरा खूश झाले. घरी येईपर्यंत खुशी उतरली, जिने चढून.

१९ ऑगस्ट, बुधवार

सासूबाईंचं करायला सकाळी येणारी बाई गेली. सासूबाई तिला म्हणाल्या, "हाताला काय झोप लागलीय का?" ती भांडं तिथेच ठेवून निघून गेली, पगारालाही थांबली नाही. खुब्याऐवजी जीभ मोडली असती तर घर सुखी झालं असतं. हे फक्त वहीत.

आता सकाळी सासूबाईंना भांडं द्यायचं, आंघोळ, कपडे, चादर, खाणं, गोळ्या. नळ सात ते साडेआठ, तेवढ्यात पाणी भरायचं. मी तर सव्वासहालाच बाहेर पडते, लोक कामाला जायच्या आत गाठावे लागतात. बारकीला म्हटलं, दोन-चार दिवस जरा सकाळचं बघ, दुसरी बाई मिळेपर्यंत. शाळेत थोडा उशीर झाला तर होऊ दे, मी बोलते बाईंशी. "हो मावशी," म्हणाली. समजूतदार पोर आहे. उद्या बाईचं बघते, शाळेतही फोन करते.

३० ऑगस्ट, रविवार

बहिणीचा फोन. ती दर रविवारी करते आणि दर वेळी तेच विचारते.

"बरी आहे ना ग माझी?"

"मजेत आहे. मलाही मदत होते तिची."

"अभ्यास?"

"त्याची काळजी तू करू नकोस."

"तुझ्याकडे आहे म्हणून मी निवांत झोपते, ताई. इथे असती तर एव्हाना..." पुढचं ती कधी बोलत नाही. मला भरून आलं. एवढ्या वर्षांत कुणाचं काही केलं असेल नसेल, एका मुलीचं तरी केलं.

बाईचं बघायचं राहिलंच.

९ सप्टेंबर, बुधवार

आजचं घर डोक्यातून जात नाही. बारा वर्षांची मुलगी, कडेवर एक भाऊ, पायाशी दुसरा, चुलीवर काहीतरी उतू जातंय. आई म्हणते, "मदत करते हो, काम कसलं!" तास मोजले तर साडेपाच निघाले. आईने बोटांवर पुन्हा मोजून पाहिले. म्हणाली, "मोजलं नव्हतं कधी." वाईट बाई नव्हती ती. मला अशा वेळी राग कुणाचा करावा ते कळत नाही, म्हणून मग सगळ्यांचाच येतो.

सकाळी निघताना बारकी दारात कागद घेऊन उभी होती, सही पाहिजे म्हणून. चपला घालता घालता केली. सहलीबिहलीचा असेल. "मावशी, एक बोलायचं होतं," म्हणाली. म्हटलं, रविवारी निवांत बोलू.

२२ सप्टेंबर, मंगळवार

रविवारी बोलायचं राहून गेलं. संचालकांनी नेमकी रविवारी बैठक ठेवली, विषय 'कार्यकर्त्यांच्या विश्रांतीची गरज'. चार तास चालली.

आज घरं लवकर संपली, दहालाच परत आले. बारकी घरीच, गणवेशात, चादरी पिळत होती. म्हटलं, शाळा? म्हणाली, शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. हिच्या शाळेला सुट्ट्या फार. ही प्रशिक्षणं घेणारे कोण शहाणे असतात, त्यांना बरे शाळेचेच दिवस सापडतात! आमची संस्थाही घेते, पण आम्ही शनिवारी दुपारी घेतो. एकदा या शाळेत जाऊन झापलं पाहिजे.

एका अनोळखी नंबरवरून चार वेळा फोन येऊन गेला. विमा विकणारे असणार. उचलला नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार

दमले आहे. 'दमले' लिहायचाही कंटाळा आलाय. जेवताना बारकी ताटावरच पेंगली, घास हातात. या वयात झोप फार येते. मी तिच्या हातातला घास सोडवून तिला अंथरुणावर नेलं तर झोपेत म्हणते, "आजी, कूस बदला." आम्ही दोघं हसलो.

नवरा म्हणाला, "आईला आता हिचीच सवय झालीय. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही."

चला, एक घोर मिटला. बाई शोधायची घाई नाही आता.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

शिक्षणाधिकाऱ्यांकडे बैठक. साहेब माणूस वाईट नाही, फक्त खुर्चीतून उठत नाही. म्हणाले, "अहो ताई, मुलीने घरात मदत करू नये का? माझीसुद्धा करते."

"किती वेळ करते, साहेब?"

"आता... ताटं घेते, पाणी ठेवते."

"शाळेतून आल्यावर ना?"

"अर्थात."

"मग तिचं लिहा, वीस मिनिटं. आणि मी गेल्या महिन्यात पाहिलेल्या मुलीचं लिहा, साडेपाच तास. दोघींना एकच शब्द कसा पुरतो?"

साहेबांनी फॉर्म पुढे ओढून रकाना नऊ वाचला. एवढं लक्ष मला तिथे बारा वर्षांत मिळालं नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, "तुमच्या पद्धतीने चारशे घरं करा, महिनाअखेर नको, नोव्हेंबरअखेर आणा. आकडा बोलला तर रकाना नऊमधला शब्द काढू." निघताना बारकीचा विषय निघाला, मीच काढला. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखी प्रत्येकाने एकेक मुलगी घरी आणून शिकवली तर फॉर्मच लागायचा नाही."

बसमध्ये बसायला जागा मिळाली. खिडकीपाशी. किती दिवसांनी बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

काल संध्याकाळपासून ताप. आज घरी राहिले. मी घरी आहे म्हटल्यावर बारकीने सातच्या आत वेणी घातली आणि धावतच शाळेत गेली. शाळेत जायला एवढं काय धावायचं, असं वाटलं.

सासूबाईंना एकदा भांडं दिलं तेवढ्यात कंबर धरली. त्यांना कुशीवर वळवायचं तर श्वास लागला. हे रोज कसं होतं घरात, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही. ताप होता, असं म्हणू.

नऊच्या सुमाराला दार वाजलं. चष्मेवाली. चारशेतली शेवटची आमचीच गल्ली राहिली होती. मला बघून ओशाळली. "ताई, तुमचं घर सोडून पुढे जाऊ का?"

"का? मी काय आभाळातून पडलेय? बस. सगळ्यांना विचारतेस तसंच विचार." मला मजाच वाटत होती. म्हटलं, बघू शिकवलेलं कितपत मुरलंय.

घरात अकरा ते सोळा वयाच्या मुली? एक. नातं? भाची. इयत्ता? दहावी. ती लिहीत गेली. मग विचारलं, "काल सकाळी सात ते अकरा मुलगी कुठे होती?"

"शाळेत," मी म्हटलं.

आतून सासूबाई ओरडल्या, "काल कसली शाळा! काल मला डोक्यावरून न्हायला घातलं तिने."

चष्मेवालीने मान वर केली नाही. हळूच विचारलं, "आणि परवा?"

"परवा रविवार होता," मी म्हटलं.

"मग शनिवारी?"

सासूबाईंना आज फार दिवसांनी कुणीतरी काहीतरी विचारत होतं. त्या कशाला थांबतात. "शनिवारी होती. शुक्रवारी होती. एक दिवस खाडा केला नाही पोरीने. पोटची लेक करायची नाही असं करते माझं. मी तर म्हटलं, बरं झालं बाई, हिने शाळा सोडली ते."

"अगं, ती जरा मदत करते," मी म्हणाले.

चष्मेवालीचं पेन कागदावर थांबलेलं होतं. तिने वाद घातला नाही, तोंड वाकडं केलं नाही. चांगलं शिकवलंय मी. "किती तास लिहू, ताई?"

"चार."

"पाणी कोण भरतं?"

"तीच की!" आतून.

"पाच लिही," मी म्हटलं.

तिने पाच लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि चहाला न थांबता गेली. जिन्यात थोडा वेळ तिच्या पायांचा आवाज आला नाही. बहुतेक रडत होती. मला रडू आलं नाही.

बारकी साडेबाराला आली, गाल लाल, गणिताची वही हातातच. मी काही विचारलं नाही. धाडस झालं नाही. आधी शाळेत जाऊन येते.

१८ नोव्हेंबर, बुधवार

ऑगस्टच्या सुरुवातीला नाव घातल्यापासून शाळा चौऱ्याऐंशी दिवस भरली. बारकी हजर सदतीस. त्यातलेही निम्मे दिवस अकरानंतर आलेली.

तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तुम्हाला चार फोन केले. तीन चिठ्ठ्या पाठवल्या. सह्या आहेत तुमच्या." चिठ्ठ्या दाखवल्या. 'विद्यार्थिनी घरच्या कारणामुळे वारंवार गैरहजर असून पालकांना याची कल्पना आहे.' खाली माझी सही, चांगली झोकदार. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका, हे मी बायकांना चोवीस वर्षं सांगतेय. टाळ्या पडतात.

साठ टक्क्यांच्या खाली हजेरी असली की परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. फॉर्म तीस तारखेला बंद. मुख्याध्यापिका मला ओळखतात, आमच्या शिबिराला आल्या होत्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "आजारपणाचा दाखला आणा, इथल्या इथे मिटवू. नाहीतर शिक्षणाधिकाऱ्यांकडे सवलतीचा अर्ज करावा लागेल. ते तुम्हाला बरं दिसणार नाही."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो थक्कच झाला. "म्हणजे तिची शाळा दुपारची नाही? मला वाटायचं, दुपारची असते." मला वाटायचं, सकाळी जाते. सासूबाईंना वाटायचं, सोडली. एका घरात तीन शाळा चालल्या होत्या आणि मुलगी एकीतही नव्हती.

"तू मला सांगायचं होतंस," नवरा म्हणाला, "मी केलं असतं ना काहीतरी."

"मग आता कर. तुझी आई आहे."

"मी आईला आंघोळ कशी घालू?"

"पंधरा वर्षांची मुलगी घालते तशी."

तो म्हणाला, डॉक्टर ओळखीचे आहेत, दाखला पाच मिनिटांत मिळेल, टायफॉइड लिहून देतील.

बारकीला बोलावलं. ती टॉवेलची घडी घालत आली. मी ओरडलेच तिच्यावर. "मला सांगता येत नव्हतं?"

"तू म्हणालीस, दोन-चार दिवस," बारकी म्हणाली. "मग मी वाट बघितली."

"तीन महिने?"

"तू रोज इतकी दमून येतेस. आणि आजीला तसंच ओलं ठेवून कसं जाणार?" मग, "शाळेतून काढून बाबांकडे परत पाठवतील म्हणून भीती वाटायची. मी सुट्टी आहे म्हणून खोटं बोलले. चुकलं माझं, मावशी."

तिने माझी माफी मागितली. हे मी इथे लिहून ठेवतेय, कारण पुढे कधी मला स्वतःचा अभिमान वाटला तर हे पान काढून वाचता यावं.

टायफॉइडचं विचारल्यावर म्हणाली, "पण मी आजारी नव्हते. आजारी आजी होती."

२० नोव्हेंबर, शुक्रवार

अर्ज खराच लिहिला. 'मी, या मुलीची मावशी व पालक, तिला घरकामासाठी घरी ठेवले. यात तिचा दोष नाही. तिला परीक्षेला बसू द्यावे.' चार वेळा लिहिला. बारकीला बरोबर नेलं, ती बाहेर बाकावर बसली.

साहेबांनी वाचलं. हसतील, टोमणा मारतील, अशी तयारी करून गेले होते. ते हसले नाहीत. पुन्हा वाचलं. तेच जास्त जड गेलं.

"ताई, हे असं लिहिलंत तर मला सही करता येणार नाही. 'पालकाने घरकामासाठी घरी ठेवले', याला नियमात सवलत नाही. याला चौकशी आहे. ती होईपर्यंत परीक्षा होऊन जाईल."

"मग?"

त्यांनी पेन काढलं, माझ्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: 'कुटुंबातील वृद्ध रुग्णास मदत.' कागद माझ्याकडे फिरवला. "याला सवलत आहे. दुरुस्तीपुढे छोटी सही करा."

त्यांच्या टेबलावर डाव्या हाताला आमच्या चारशे घरांची फाईल होती. सकाळीच संस्थेतून पोचली होती. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. "ते रकाना नऊचं... राहू दे आता थोडे दिवस. पुढच्या वर्षी बघू. काय?"

काय म्हणणार होते मी? साहेब, तो शब्द खोटा आहे? माझं पेन त्याच्यावरच टेकलं होतं. काचेतून बारकी दिसत होती, गुडघ्यावर वही ठेवून गणित सोडवत होती. मी सही केली. साहेबांनी शिक्का मारला. चारशे घरांतल्या दोनशे एकसष्ट मुली आणखी एक वर्ष मदत करणार.

बारा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीतून काही न बोलता बाहेर आले. बारकीने विचारलं, "झालं?" म्हटलं, झालं. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली.

सोमवारपासून एक महिन्याची रजा टाकली. संचालक "हं" म्हणाले.

२२ नोव्हेंबर, रविवार

बहिणीचा फोन. या वेळी तिने विचारायच्या आधी मीच सगळं सांगितलं. सुरुवातीला ती "अगं असू दे, असू दे" म्हणत होती. सदतीस दिवस म्हटल्यावर थांबली.

मग म्हणाली, "कामच करायचं होतं तर इथे काय वाईट होतं, ताई? माझ्यापाशी तरी राहिली असती."

रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"परीक्षेला बसतेय ती," मी म्हटलं. "मंजुरी मिळालीय."

"ह्यांना यातलं काही सांगत नाही मी. कळलं तर आजच गाडी घेऊन येतील तिला न्यायला." मग, "दे तिला."

बारकी फोन घेऊन गच्चीत गेली. बराच वेळ बोलली. परत आल्यावर मी विचारलं, आई काय म्हणाली? "अभ्यास कर म्हणाली." डोळे पुसलेले होते. वही काढून बसली. थोड्या वेळाने मी डोकावले तर पहिल्याच गणितावर अडलेली. म्हणाली, "हे नवीन आहे, मावशी. माझ्यामागे शिकवलं. पूर्वी मला न शिकवता यायचं."

मी शेजारी बसले. मलाही येत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगितलं: उद्यापासून सकाळचं सगळं मी करणार. नवरा पाणी भरेल आणि आईंना उचलायला हात देईल. बारकीने फक्त तयार व्हायचं आणि सातला बाहेर पडायचं. सासूबाई म्हणाल्या, "हिचे हात थंड असतात." मी म्हटलं, सवय करा. बारकी मान खाली घालून "हो मावशी" म्हणाली. तेच, ऑगस्टमध्ये म्हणाली होती तसंच.

२३ नोव्हेंबर, सोमवार

साडेपाचचा गजर लावला होता. उठून गेले तर स्वयंपाकघर पुसलेलं, पिंपात पाणी भरलेलं. नळ यायचा होता, मग हे कुठलं? खालच्या विहिरीवरून आणलेलं, तीन मजले चढून. सासूबाई आंघोळ होऊन, वेणी घालून, धुतलेल्या चादरीवर पडलेल्या. गोळ्या काढून वाटीत ठेवलेल्या. बारकी गणवेश घालून दाराशी बसून गणित सोडवत होती.

"कधी उठलीस?"

"साडेतीनला."

"मी सांगितलं होतं ना, मी करणार म्हणून?"

"हो," ती म्हणाली. नजर वहीतच. "पण राहिलं असतं तर?"

सातला ती गेली. मी खिडकीतून गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं. मग घरात फिरले. रजा घेतलेली बाई, हात रिकामे, करायला काही उरलेलं नाही. सात ते अकरा मी सासूबाईंजवळ नुसती बसून होते. माझ्या एका शब्दावर बापाने तिला पाठवलं, आणि तिला माझ्या एका शब्दाचा भरवसा नाही. तो बोलून परत येणार नाही.

नवऱ्याला सांगितलंय, उद्या तीनचा गजर लावतेय. तो म्हणाला, ती अडीचला उठेल. म्हटलं, मग आपण दोन वाजता उठू.